पद्मिनीच्या रंगाखाली: जुन्या गाडीला प्रायमर आणि सीलर निवडताना

डेंटिंग-पेंटिंगच्या कामाला नव्याने लागलेली पोरं प्रायमरबद्दल, म्हणजे रंगाखाली पत्र्यावर बसणाऱ्या थराबद्दल, हमखास विचारतात, "दादा, कुठला प्रायमर चांगला?" कुपवाड एमआयडीसीतल्या शेडमध्ये पहिल्या आठवड्यात मीही हेच विचारलं होतं. मिस्त्री म्हणाले, "कशावर मारतोयस ते सांग आधी." मला वाटलं, टाळतायत.

त्यांचं म्हणणं डोक्यात शिरलं ते एका प्रीमियर पद्मिनीमुळे. गाडी सांगलीच्या गावभागातल्या एका निवृत्त मास्तरांची. पद्मिनी तयार व्हायची मुंबईत, कुर्ल्याला. पण कंपनी १९४४ साली काढली वालचंद हिराचंदांनी, आणि त्यांचं नाव आपल्या विश्रामबागेतल्या इंजिनिअरिंग कॉलेजला आहे, म्हणून मास्तर तिला 'सांगलीचीच' म्हणायचे. नातं जरा ओढूनताणून, पण आम्ही मान डोलवायचो. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात गाडी दारांपर्यंत पाण्यात होती. वरून पांढरा रंग, कुठे टवका उडाला तिथे खाली लाल.

बॉनेटचा पत्रा धड होता. मी तो नीट घासला, पुसला आणि थेट टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा, सरफेसर (खाचा भरणारा जाड प्रायमर) मारला. दोन-तीन मिनिटं काही नाही. मग कडेला, टवका उडालेल्या जागेभोवती, रंग हलल्यासारखा वाटला. बघता बघता दुधावरची साय आक्रसावी तशा सुरकुत्या हेडलाइटपर्यंत गेल्या. बोट लावलं तर खालचा लाल थर लोण्यासारखा मऊ झालेला.

मिस्त्रींनी आवाज चढवला नाही. पांढरं फडकं थिनरमध्ये भिजवून डिकीच्या आत अर्धा मिनिट दाबून धरलं, मग घासलं. फडकं लालभडक. "आरं मर्दा, ही जुनी ड्यूको हाय. हिच्यावर कडक थिनर पडला की ही उठनारच."

ड्यूको म्हणजे एनसी, नायट्रोसेल्युलोजचा रंग. तो नुसता थिनर उडून वाळतो, त्यामुळे वीस वर्षांनीही थिनर लागला की पुन्हा सुटतो. टू-के रंग हार्डनरशी जोडला जाऊन पक्का होतो, त्याला फडक्याने काही होत नाही. कुठल्याही जुन्या गाडीवर ही चाचणी आधी करा, आणि एका जागी करून थांबू नका. आमच्या पद्मिनीची दारं टू-केची निघाली, बॉनेट एनसीचं. मधल्या एखाद्या मालकाने अर्धीच रंगवली असणार.

फडक्यावर रंग आला तर माझं मत सरळ आहे: तो थर काढून टाका. एपॉक्सीचे (हार्डनर घालून मारायच्या, पत्र्याला घट्ट धरणाऱ्या प्रायमरचे) पातळ हात मारून त्यावर काम करता येतं, लोक करतातही. पण ज्या थराचा भरवसा नाही त्याच्यावर महिनाभराची मेहनत कशाला चढवायची? शिवाय आमच्या गाडीत लालची दुसरी भानगड होती. काही जुने लाल रंग वरच्या नव्या रंगातल्या थिनरमध्ये विरघळून वर येतात आणि पांढऱ्यावर गुलाबी झाक मारते. साधा सीलर, म्हणजे रंगाच्या आधी मारायचा शेवटचा पातळ थर, ते अडवेलच असं नाही. शंका असेल तर कोपऱ्यात हातभर जागेवर पांढरा मारून एक रात्र थांबा.

पत्रा उघडा झाला की प्रश्न उरतो एच (इंग्रजीत etch) प्रायमर की एपॉक्सी. एच प्रायमरमध्ये फॉस्फरिक आम्ल असतं. ते पत्र्याला किंचित खाऊन धरतं, थर अगदी पातळ. त्यावर लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, कधी भरू नका. आम्लामुळे लांबी नीट पकडत नाही, आणि पुढे पोपडा धरून येते. एच मारला तर वर सरफेसर हवाच, आणि एचवर थेट एपॉक्सी मारायची तर डब्याबरोबरच्या माहितीपत्रकात तशी परवानगी बघा. बऱ्याच कंपन्या नाही म्हणतात. एपॉक्सीत हे लचांड नाही. स्वच्छ, ८० नंबरच्या घासपेपरने घासलेल्या पत्र्यावर दोन हात, वर लांबी, वर सरफेसर. ती ओलाव्याला चांगला अडसर करते, म्हणून पुरात बुडालेल्या गाडीला मी दुसरं काही सुचवत नाही. पण गंज काढायला आम्लवालं औषध लावलं असेल तर ते धुऊन, सुकवून, पुन्हा घासल्याशिवाय एपॉक्सी मारू नका. आणि हार्डनर मिसळल्यावर बऱ्याच एपॉक्सींना पंधरा मिनिटं ते अर्धा तास मुरू द्यावं लागतं. नवीन पोरं इथे घाई करतात.

सरफेसरचं काम वेगळं: भरणं आणि घासून सपाट होणं. तो पाणी पितो. जुलैत, बाहेर पाऊस कोसळत असताना मी एका दाराचा सरफेसर पाण्याने घासला आणि वरवर कोरडा दिसतोय म्हणून संध्याकाळी रंग मारला. दिवाळीपर्यंत दारावर मोहरीएवढे फोड. तेव्हापासून पावसाळ्यात मी कोरडंच घासतो.

आता सीलर. दुकानदार प्रत्येक गाडीला तो देतो. प्रत्येक गाडीला तो लागत नाही. सरफेसर एकसंध असेल, ६०० च्या पेपरने घासताना कुठे पत्रा किंवा लांबी उघडी पडली नसेल, तर थेट रंग मारा. पद्मिनीच्या छतावर मात्र ठिकठिकाणी पत्रा चमकत होता, मध्ये लांबीचे डाग, कडेला जुना टू-के. अशा तीन जातींच्या जमिनीवर रंग तीन तऱ्हांनी शोषला जातो आणि उन्हात डाग दिसतात. तिथे सीलरचा एक ओला, सारखा हात. आम्ही त्याच एपॉक्सीत कंपनीने सांगितलेल्या मापात जास्तीचा थिनर घालून तोच सीलर म्हणून वापरला, आणि कंपनीने दिलेल्या वेळेत न घासता वर रंग घेतला. ती वेळ टळली तर पुन्हा घासणं आलं. वर पांढरा येणार म्हणून सीलर फिक्या राखाडीचा. काळपट घेतला असता तर झाकायला रंगाचे जास्त हात गेले असते. ३२० च्या पेपरचे ओरखडे सीलर झाकेल ही आशा सोडा.

प्रायमर, हार्डनर, थिनर एकाच कंपनीचे घ्या. दुसऱ्याचा उरलेला हार्डनर घालून पैसे वाचवणारे मी पाहिलेत, नंतर तेच खरवडत बसलेले. आणि टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा लागू शकतो. रुमाल बांधून काही होत नाही. बाहेरची ताजी हवा देणारा मास्क मिळत नसेल तर त्या दिवशी गन हातात घेऊ नका, मिस्त्री हसले तरी.

मास्तरांच्या गाडीत एक गोष्ट मी शेवटी शिकलो. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. पुराच्या गाळाने ती बुजली होती, म्हणून दारं आतून सडली होती. गाळ काढून, आतून एपॉक्सी मारून झाल्यावर मी खूश. मिस्त्रींनी खिळा मागितला आणि माझ्याच प्रायमरने बुजलेली भोकं एकेक करून मोकळी केली.