रिमॅपच्या आधी टर्बोचा पाईप बघा
जुन्या डिझेल स्विफ्टला (१.३ लिटर, ७५ पीएस) पावर पाहिजे म्हणून लगेच रिमॅपला (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून पावर वाढवणं) पैसे घालू नका, आधी एअर फिल्टर, डिझेल फिल्टर नवीन टाका आणि टर्बोकडनं (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) इंटरकूलरला (ती हवा थंड करणारा भाग) जाणारा रबरी पाईप गाडी बंद, थंड असताना हाताने दाबून बघा, चीर असली की तिथं काळं तेलकट दिसतंय आणि हवा तिथूनच निघून जाते. माझ्या गाडीत तेच होतं, चोर्ला घाटात दुसऱ्या गिअरला पण दम नव्हता, पाईप बदलला आणि परत मस्त ओढायला लागली की! तरी कमी वाटलं तरच रिमॅप, पण त्याआधी क्लच तपासा. चौथ्या गिअरला एकदम रेस दिल्यावर आरपीएम चढतंय आणि स्पीड तेवढाच राहतोय तर क्लच घसरतोय, रिमॅपने वाढलेला टॉर्क (इंजिनची ओढ) तो पेलणार नाही. काळा धूर काढणारं ट्यूनिंग नकोच, नुसतं डिझेल वाया.