काम कोठे थांबवायचे, हे आधी ठरवा

दर्जा राखण्याची इच्छा आणि परिपूर्णतेचा हव्यास यांतला फरक काम संपत आले की कळतो. दर्जा राखणारा माणूस ठरलेल्या टप्प्यावर पोहोचला की काम हातावेगळे करतो. हव्यास असलेला माणूस तेथे पोहोचताच तो टप्पाच पुढे सरकवतो. त्यामुळे ‘अपेक्षा कमी कर’ हा सल्ला त्याच्या उपयोगाचा नसतो, आणि तो पटतही नाही. त्याने करायचे ते एवढेच, की काम हाती घेण्यापूर्वी, मन शांत असताना, या कामापुरते ‘पुरेसे’ म्हणजे किती हे कागदावर लिहून ठेवायचे.

लिहिताना दोन प्रश्न विचारावेत : चूक राहिली तर नुकसान कोणाचे होईल आणि ती नंतर दुरुस्त करता येईल का? नागपूरच्या इतवारीतल्या छापखान्यात लग्नपत्रिका छापायला देताना नावे, तारीख, मुहूर्ताची वेळ आणि मंगल कार्यालयाचा पत्ता घरातल्या दोघातिघांनी अक्षर न् अक्षर तपासावा, कारण छापून वाटलेली पत्रिका परत घेता येत नाही. किनारीच्या सोनेरी रंगासाठी मात्र दोन नमुने पाहून त्यांतला एक निवडावा. पाचवा नमुना मागवणाऱ्याच्या पत्रिका उशिरा पोहोचतात आणि किनार कोणाच्याच लक्षात राहत नाही. औषधाची मात्रा किंवा इमारतीचा स्लॅब यांच्या बाबतीत अर्थातच ‘चालेल’ हा शब्द उच्चारू नये. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांची प्रतवारी होते, तशी कामांची करावी. हव्यासी माणूस प्रत्येक कामाला पहिल्याच प्रतीत बसवू पाहतो आणि खरोखर त्या प्रतीच्या कामाला त्याच्याकडे वेळ उरत नाही.

या रीतीला भक्कम वैचारिक आधार आहे. माणसाजवळचा वेळ, माहिती आणि हिशेब करण्याची शक्ती मर्यादित असल्यामुळे तो सर्वोत्तम पर्याय शोधत न बसता आपल्या कसोटीला उतरणारा पर्याय स्वीकारतो, अशी मांडणी अमेरिकी अभ्यासक हर्बर्ट सायमन यांनी १९५६ च्या सुमारास केली. पुढे १९७८ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ती कसोटी आधी ठरवणे हा येथे कळीचा भाग आहे.

मुदत बाहेरून आलेली असेल तर ती उत्तम. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात प्रश्नांची उत्तरे तयार करणारा अधिकारी आकडे पुन्हा पडताळतो, पण वाक्यांना पॉलिश करत बसत नाही, कारण उत्तर ठरलेल्या वेळी सभागृहात पोहोचावेच लागते. पीएचडीच्या विद्यार्थ्यावर असा रोजचा दाब नसतो, म्हणून त्याचे पहिलेच प्रकरण वर्षभर घोटले जाते. त्याने मार्गदर्शकांना तारीख सांगून टाकावी आणि त्या दिवशी कच्चा मसुदा, कच्चा आहे असे स्पष्ट लिहून, त्यांच्या स्वाधीन करावा.

सवय मोडण्यासाठी लहान प्रयोग उपयोगी पडतो. कार्यालयातला साधा ईमेल एकदाच वाचून पाठवावा. पाठवण्यापूर्वी कशाची भीती वाटते ते लिहावे आणि आठवड्याने प्रत्यक्ष काय झाले ते त्याशेजारी नोंदवावे. सुरुवातीला अस्वस्थता वाढेल, पण पुन्हा उघडून तपासण्याचा मोह आवरला तरच ती आपोआप ओसरते हे अनुभवाला येते. तपासण्यात तासन्‌तास जात असतील, झोप उडाली असेल किंवा परीक्षाच टाळली जात असेल, तर असे प्रयोग एकट्याने करत बसू नये. मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मानसोपचार विभागात दाखवावे किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे.

आणखी एक गाठ उरते. पॉल ह्यूइट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये परिपूर्णतावादाचे तीन प्रकार सांगितले : स्वतःकडून अपेक्षा, इतरांकडून अपेक्षा, आणि इतरांना आपल्याकडून निर्दोषपणाच हवा आहे ही समजूत. तिसऱ्यावर कागद पुरत नाही, तेथे विचारावे लागते. दिवाळीच्या फराळाचे सगळे पदार्थ घरीच झाले पाहिजेत असे सासूबाईंना वाटते, हे गृहीत धरून रात्र रात्र जागणाऱ्या सुनेने ‘आई, यंदा चकल्या आणि अनारसे विकत आणले तर चालतील का?’ असे सरळ विचारावे. उत्तर ‘नाही’ आले, तरी निदान कोणते दोन पदार्थ घरचेच हवेत एवढे ठरते, आणि बाकीच्यांची यादी दुकानात देता येते.