जागा बदलली की गोष्ट बदलते: नव्या कथालेखकांसाठी

नवोदितांच्या कथांमध्ये एक गोष्ट हमखास दिसते. पहिलं दीड पान पुणं असतं: पाऊस, तुळशीबागेतली गर्दी, अमृततुल्यचा चहा. मग पुणं गायब होतं आणि दोन माणसं एका खोलीत बोलत बसतात. ती खोली नाशकात असती तरी काही बिघडलं नसतं. अशा वेळी समजावं की स्थळ कथानकाला जोडलेलंच नाही. पात्राला इथे काय करता येईल, काय लपवता येईल आणि कशातून सुटता येणार नाही, हे स्थळानं ठरवायला हवं.

एक कथा घेऊन बघू. सदाशिव पेठेतली अभ्यासिका. बीड जिल्ह्यातल्या एका गावातून आलेला संतोष, वय 29, राज्यसेवेची तयारी करतोय. पूर्व परीक्षेतच तो गळलाय, पण घरी 'मुख्य देतोय' असं सांगून ठेवलंय. वडील एका गाववाल्याला ससूनला दाखवायला पुण्यात येताहेत आणि फोनवर म्हणालेत, 'तू बसतो ती जागा बघून जातो.'

आता कागद घ्या आणि या जागेचे नियम लिहून काढा. भिंतींचा रंग नको, नियम. खुर्ची ठरलेली, टेबलावर नावाची चिठ्ठी. फी महिन्याची, थकली की खुर्ची दुसऱ्याला. आत बोलायचं नाही, फोन आला तर जिन्यात जायचं. दार उघडं, कोणीही वर येऊ शकतं. सगळे एकाच परीक्षेचे, त्यामुळे निकालाच्या पीडीएफमध्ये कोणाचा नंबर आहे आणि कोणाचा नाही, हे अख्ख्या हॉलला ठाऊक. असे आठ-दहा नियम निघाले की निम्मं कथानक हाताशी येतं. आत बोलायचं नाही, म्हणजे बापलेकाची खडाजंगी आत होऊच शकत नाही. ती जिन्यात होईल, नाहीतर खाली टपरीवर, ओळखीच्या पोरांसमोर, दबक्या आवाजात. दबक्या आवाजातलं भांडण लिहायला अवघड असतं. म्हणूनच ते लिहावं.

हाच संतोष उचलून हिंजवडीत, आयटी कंपन्यांच्या भागात ठेवा. नोकरी गेलीय, घरी सांगितलेलं नाही, वडील ऑफिस बघायला येताहेत. इथे गेट आहे, सिक्युरिटी आहे, कार्डाशिवाय आत सोडत नाहीत. 'बाबा, बाहेरच्यांना आत घेत नाहीत' एवढं म्हटलं की काम झालं. पेठेत जागा खोटं उघडं पाडते, हिंजवडीत तीच जागा खोट्याची राखण करते. मग धोका दुसरीकडून यायला हवा: भर दुपारी गेटवर भेटलेला जुना सहकारी, नाहीतर चार्जिंगला लावलेल्या फोनवर बँकेचा हप्ता थकल्याचा मेसेज. माणूस तोच, खोटं तेच, तरी प्रसंगांची साखळी पार वेगळी. तुमच्या कथेचं असंच स्थलांतर करून बघा. काहीच हललं नाही, तर नियमांच्या कागदाकडे परत जा.

काळ हाही स्थळाचाच भाग, आणि चुका इथेच जास्त होतात. शिवाजीनगरचा एसटी स्टँड 2019 च्या अखेरीस वाकडेवाडीला हलला. वनाजहून मेट्रो धावू लागली ती मार्च 2022 मध्ये. 2018 मधल्या कथेत वडील मेट्रोनं आले तर पुण्याचा वाचक तिथेच पुस्तक मिटतो. यापेक्षा मोठा फरक फोनचा. ही कथा 1995 मध्ये नेली, तर वडिलांचं येणं पत्रानं कळेल, किंवा कळणारच नाही. रात्री उशिरा दर उतरायचा म्हणून एसटीडी बूथबाहेर रांग लागायची. त्या रांगेत, मागे चारजण ऐकत असताना, घरी खोटं बोलणं हा आयता प्रसंग आहे.

संघर्षाबाबत दोनच प्रश्न विचारा: याला आज काय हवंय, आणि आडवं काय येतंय? 'आज' महत्त्वाचं. 'त्याला अधिकारी व्हायचंय' यावर कादंबरी निघेल, कथा नाही. 'वडील संध्याकाळच्या गाडीत बसेपर्यंत खोटं टिकवायचंय' यावर कथा उभी राहते. शिवाय प्रत्येक नवी अडचण त्यानं आधी काढलेल्या पळवाटेतून निघावी. फी थकल्यानं संतोषची खुर्ची गेलीय, म्हणून तो रूममेट अमोलची तासाभरासाठी मागतो. पण टेबलावर अमोलच्या नावाची चिठ्ठी आहे, म्हणून तो ती फाडतो. पण अमोल मुख्यला बसणार आहे, ती जागा त्याला आजच हवीय, आणि तो लवकर परत येतो. दोन प्रसंगांच्या मध्ये 'म्हणून' किंवा 'पण' बसत असेल तर साखळी धरलीय. नुसतं 'आणि मग' बसत असेल तर त्यातला एक प्रसंग काढून टाका.

वडिलांना हार्ट अटॅक आणू नका. नवोदितांच्या कथेत शेवटाजवळ कोणीतरी दवाखान्यात जातंच, कारण लेखकाला तो अवघड संवाद लिहायचा नसतो. योगायोगानं पात्र अडकलं तर वाचक चालवून घेतो; योगायोगानं सुटलं की त्याला फसवल्यासारखं वाटतं.

पात्रातला बदल म्हटलं की बहुतेकजण हृदयपरिवर्तन लिहितात: डोळ्यांत पाणी, पायांवर डोकं. दिवसाभराच्या कथेत एवढा बदल पटत नाही. त्यापेक्षा एकाच प्रश्नाची दोन उत्तरं ठेवा. पहिल्या पानावर मेसवाल्या काकू विचारतात, 'किती राहिलेत रे?' तो सहज म्हणतो, 'काही नाही काकू, परवा देतो.' शेवटी टपरीवर वडील बंडीच्या खिशातून घडी केलेल्या नोटा काढतात आणि तेच विचारतात, 'किती राहिलेत?' या वेळी तो म्हणतो, 'तीन महिन्यांचे.' कबुली नाही, माफी नाही, पण पहिल्यांदाच खरा आकडा. लिहिताना उलटं जा: हे शेवटचं उत्तर आधी ठरवा, मग त्याच्या विरुद्धचं उत्तर पहिल्या पानावर पेरा. आणि बदल झालाच पाहिजे असंही नाही. शेवटीही तो 'काही नाही राहिले' म्हणाला, तरी कथा उभी राहते. मात्र खरं बोलायची संधी त्याच्यासमोर स्पष्ट आलेली हवी आणि ती दवडल्याची किंमत वाचकाला दिसायला हवी.

मापं साधारण अशी: अडीच हजार शब्दांच्या कथेत पाच-सहा प्रसंग, बोलणारी पात्रं तीन, फार तर चार, आणि काळ शक्यतो एका दिवसाचा. वडील येताहेत हे पहिल्या तीनशे शब्दांत कळावं. गावाकडची शेती, कर्ज, बहिणीचं लग्न हे सगळं मिळून अडीचशे शब्दांवर गेलं तर कथा मागे सरकायला लागते. स्थळाचा तपशील परिच्छेदभर सलग देऊ नका. पात्रानं ज्याला हात लावला, तेवढाच सांगा. फाटलेली चिठ्ठी पुरते, पंखे मोजायची गरज नाही.

पहिला खर्डा आठवडाभर बाजूला ठेवा, मग अशा माणसाला वाचायला द्या जो तुमच्यासारखं लिहीत नाही. 'आवडली का?' विचारू नका. 'त्याला काय हवं होतं, आणि कुठल्या क्षणी तो वेगळा वागला?' एवढंच विचारा. पहिल्याचं उत्तर अडखळत आलं तर पहिले तीनशे शब्द पुन्हा लिहा. दुसऱ्याचं उत्तर तुमच्या मनातल्यापेक्षा वेगळं आलं, तर शेवट बदलायची घाई नको. आधी मेसच्या काकूंचा प्रसंग तपासा, दोष बहुधा तिथे सापडतो.