पितळेची भिंत मोजायला शिकलो ती गोष्ट

आयटीआयची टर्नरची (लेथवर धातू तासायची) दोन वर्षं संपवून सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत लागलो, तेव्हा वाटायचं मायक्रोमीटर वाचता आला की झालं. पहिल्याच महिन्यात माझे ६० पितळी बुश, म्हणजे छोट्या पोकळ नळ्या, परत आले. बाहेरचा व्यास अगदी बरोबर. भिंत मात्र एका बाजूला ०.५२ मिमी आणि समोर ०.४४. बोअरच, म्हणजे आतलं भोकच, सरकलं होतं आणि मी बाहेरची गोलाई बघून खूश! फोरमन काही बोलला नाही. साठच्या साठ माझ्या टेबलावर ओतून चहाला निघून गेला.

नव्या पोरांनो, पातळ जॉब (कापायचा तुकडा) थेट लेथच्या तीन जबड्यांच्या पकडीत, म्हणजे चकमध्ये, आवळू नका. आवळल्यावर तो तीन ठिकाणी दबतो, तसाच गोल कापला जातो आणि सोडला की फुगून तिकोनी होतो. आधी बोअर नीट करा, मग जॉब मँड्रेलवर (भोकात बसणाऱ्या गोल दांड्यावर) चढवून बाहेरून कापा.

हे मला खरं पटलं ते मावसभावाकडे. तो ऑस्ट्रेलियात परवाना काढून टार्गेट शूटिंग करतो. सुट्टीत गेलो तर हा टेबलावर काडतुसाच्या रिकाम्या पितळी केसची (टरफलाची) मान, म्हणजे गोळी धरणारं तोंड, तासत बसलेला! ते हत्यार म्हणजे मुठीत मावणारं लेथच. केसची मान बेताच्या मँड्रेलवर चढते, बाहेरून कटर टेकतो. दोघांत जेवढी फट, तेवढी भिंत. .३०८ मापाच्या काडतुसाच्या केसला ती साधारण ०.३८ मिमी असते. एका बाजूला जाड राहिली तर गोळी मध्यावर बसत नाही आणि मानेची पकडही सगळीकडून सारखी राहत नाही. म्हणून तो आधी दुसरा, किंचित मोठा मँड्रेल मानेतून घालतो. आतली बाजू गोल होते, वाकडेपणा बाहेर येतो आणि बाहेरचं कापता येतं. पहिल्या फेरीनंतर मानेची एक बाजू चकचकीत, दुसरी तशीच काळपट. तो काळा पट्टा बघितला आणि माझे ६० बुश आठवले.

मी हौसेनं कटर जरा पुढे घेतला, तर मान कागदासारखी झाली. केस गेली भंगारात. (आपल्याकडे विनापरवाना काडतुसं भरणं गुन्हा आहे, त्यामुळे हे घरी करायच्या फंदात पडू नका.)

धातूतही फरक. आपल्या शॉपमधल्या फ्री कटिंग पितळेत शिसं असतं. बुरा शेंगाचटणीसारखा भुसभुशीत पडतो. केसचं पितळ ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. ते चिवट, यंत्रमागावरच्या सुतासारखा लांब तार निघतो, कटरला गुंडाळतो. तार हातानं ओढू नका, माझ्या अंगठ्यावर खूण आहे.

भिंत मोजायला सपाट तोंडाचा मायक्रोमीटर चालत नाही. आतल्या वळणावर तो दोन कडांवर टेकतो आणि माप जास्त दाखवतो. आत टेकणारं तोंड गोलसर असलेला, बॉल मायक्रोमीटर हवा. मुलाखतीत हे विचारतात, आणि निम्मी पोरं व्हर्नियर म्हणतात.

राहिला सोलापूरचा उन्हाळा. ४० मिमीचं पितळ १५ अंशांनी तापलं की ०.०११ मिमीनं वाढतं, म्हणजे शंभराव्या भागाचा हिशेब तिथेच बोंबलला. मशीनवरून काढलेला जॉब लगेच मोजू नका. मी तो माठाशेजारच्या फरशीवर ठेवतो. एकानं माठातच टाकला होता.