प्रोसेसरला वेगळा कूलर घ्यावा का? इंदूरच्या उन्हाळ्यात मोजून कसं ठरवावं

मे महिन्यात इंदूरचा पारा ४२-४३ अंशांवर गेला की कॉम्प्युटरचे पंखे घरघरायला लागतात आणि "दोन हजारांचा टॉवर कूलर (प्रोसेसरवर बसणारा उंच, पंख्याचा कूलर) टाकून घ्या" असा सल्ला हमखास मिळतो. कधी तो बरोबर असतो, बऱ्याचदा नसतो. एक दुपार काढून नीट मोजलं, तर खर्च करायचा की नाही हे घरबसल्या कळतं.

मोजण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. पंख्याचा असो की लिक्विड, साधा प्रोसेसर कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो खोली आणि चिप यांच्या तापमानातला फरक तेवढा कमी करतो. म्हणून स्क्रीनवरचा आकडा एकटा न वाचता त्यातून खोलीचं तापमान वजा करा. समजा जानेवारीत खोली २२ अंश आहे आणि कामाच्या ताणाखाली प्रोसेसर ७० अंश, म्हणजे फरक ४८. तेच काम मे महिन्यात सुदामानगरातल्या वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली ३८ अंशांच्या खोलीत केलं, तर प्रोसेसर ८६ च्या आसपास जाणारच. यात काही बिघडलेलं नाही. इंटेलचे बरेच डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंशांपर्यंत चालण्यासाठीच बनवलेले असतात. एएमडी कंपनीच्या रायझन ७००० मालिकेतले ७७००एक्स-७९५०एक्ससारखे प्रोसेसर तर पूर्ण ताणाखाली ९५ अंशांपर्यंत मुद्दाम जातात, त्यांची रचनाच तशी आहे.

पहिली पायरी : दुपारी तीनला मोजा

शब-ए-मालवाची, म्हणजे माळव्यातल्या गार रात्रींची, कीर्ती खरी आहे, इथली रात्र उन्हाळ्यातही बऱ्यापैकी उतरते. त्यामुळे रात्री घेतलेलं माप फसवं ठरतं. दुपारी तीन-चारच्या सुमारास, एरवी एसी लावत नसाल तर तो बंद ठेवूनच मोजा. खोलीसाठी भिंतीवरचा साधा थर्मामीटर पुरतो. कॉम्प्युटरवर एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाका, त्यातली सेन्सर्सची खिडकी उघडी ठेवा आणि सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण ताण देणारी चाचणी) दहा मिनिटं चालवा. प्राइम९५ या दुसऱ्या सॉफ्टवेअरची सर्वांत कडक चाचणी लावू नका, रोजच्या कामात तसा ताण येत नाही.

दहा मिनिटांत तीन गोष्टी टिपायच्या : सर्वाधिक तापमान, पहिल्या मिनिटातला प्रोसेसरचा वेग आणि शेवटच्या मिनिटातला वेग.

दुसरी पायरी : वेग का उतरला ते शोधा

लोक इथेच सर्वांत जास्त चुकतात, म्हणून ही पायरी सावकाश करा. वेग उतरला म्हणजे उष्णतेनेच उतरला असं नाही. इंटेल प्रोसेसरला विजेच्या दोन मर्यादा असतात. कोअर आय५-१२४०० चं उदाहरण घ्या. त्याची मूळ मर्यादा ६५ वॉट आणि थोड्या वेळासाठी ११७ वॉट. तो थोडा वेळ संपला की मर्यादा पाळणारा मदरबोर्ड त्याला ६५ वर आणतो आणि वेग घटतो. तापमान तेव्हा ७० असलं तरीही घटतो. अशा वेळी कितीही महाग कूलर लावा, वेग वाढणार नाही.

एचडब्ल्यूइन्फोमध्ये 'थर्मल थ्रॉटलिंग' (उष्णतेमुळे वेग घटणं) आणि 'पॉवर लिमिट' (विजेची मर्यादा) अशा वेगवेगळ्या ओळी दिसतात. थर्मलच्या ओळीत 'येस' आलं असेल तरच कूलरचा विचार पुढे न्या. रायझनमध्ये पीपीटीचा, म्हणजे विजेच्या मर्यादेचा, टक्का १०० ला टेकला असेल आणि तापमान अजून कमाल मर्यादेच्या खाली असेल, तर अडवणूक विजेची आहे, उष्णतेची नाही.

याउलट, काही मदरबोर्ड कारखान्यातूनच ही मर्यादा सैल ठेवून येतात आणि प्रोसेसरसोबत बॉक्समध्ये मिळणाऱ्या छोट्या कूलरला ते झेपत नाही. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन मर्यादा ६५ वॉट करा किंवा रायझनला कमी विजेचा इको मोड लावा. तापमान बरंच खाली येतं, आणि ऑफिसच्या कामात किंवा टॅलीवर वेगातला फरक जाणवतही नाही. फुकटचा उपाय आहे, आधी हाच करून बघा.

तिसरी पायरी : साफसफाई, पेस्ट आणि कॅबिनेटची जागा

आधी कॅबिनेटचं बाजूचं पत्र्याचं झाकण काढून तीच चाचणी पुन्हा घ्या. तापमान पाच-सात अंशांनी उतरलं, तर दोष कूलरचा नाही, हवा खेळण्याचा आहे. आपल्याकडच्या कॉम्प्युटर टेबलांना सीपीयूसाठी जो बंद कप्पा असतो, त्यात तापलेली हवा तिथल्या तिथेच फिरत राहते. कॅबिनेट कप्प्याबाहेर काढा. त्यानंतरही गरज वाटली, तर मागच्या बाजूला एक जादा पंखा लावा, तो वेगळ्या कूलरपेक्षा स्वस्त पडतो. मात्र खोली गार करणाऱ्या पाण्याच्या कूलरचा झोत सरळ कॅबिनेटवर घेऊ नका. दमट हवा आणि धूळ एकत्र आली की पंख्याच्या पात्यांवर चिकट थर बसतो.

ब्लोअरने धूळ उडवताना पंखा बोटाने धरून ठेवा, मोकळा गरगरू देऊ नका. इंटेलच्या बॉक्स कूलरला चार प्लास्टिकच्या पिना असतात, त्यातली एखादी वर आलेली असेल तर तेवढ्यानेही तापमान चढतं. कॉम्प्युटर तीन-चार वर्षं जुना असेल तर थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदला : जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून टाका आणि वाटाण्याएवढी नवी मध्यभागी ठेवा. एएम४ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसरची खाच) रायझन असेल तर कूलर थंड असताना सरळ वर ओढू नका, प्रोसेसर पिनांसकट सॉकेटमधून उपटून येतो. मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट मऊ होऊ द्या, बंद करून वायर काढा, कूलर डावीउजवीकडे हलका फिरवा आणि मग उचला.

मग घ्यावा कुणी?

एवढं सगळं करूनही थर्मलच्या ओळीत 'येस' येत असेल आणि तुमचं काम लांब चालणारं असेल, म्हणजे लग्नाच्या व्हिडिओचं रेंडरिंग, थ्रीडी किंवा मोठे कोड कंपाइल करणं, तर खुशाल घ्या. पैसे वसूल होतील. आवाजाचा त्रास होत असेल तर तेही पुरेसं कारण आहे. ऑनलाइन शिकवणाऱ्याच्या माइकमध्ये पंखा ऐकू येत असेल, तर त्याने थ्रॉटलिंगची वाट का बघावी? 'के' किंवा 'एक्स' असलेल्या बऱ्याच प्रोसेसरांसोबत कूलर येतच नाही, तिथे प्रश्नच मिटला.

आय३, ऑफिसचं काम, ब्राउझिंग यांसाठी घेऊ नका. त्या पैशांत रॅम वाढवा. गेमिंगमध्ये बहुधा ग्राफिक्स कार्डच अडवतं. नामांकित कंपन्यांच्या तयार ऑफिस डेस्कटॉपमध्ये कूलरचे स्क्रू आणि पंख्याचे कनेक्टर अनेकदा वेगळे असतात, तिथे बाजारातला कूलर बसेलच असं नाही.

दुकानात जाण्याआधी

६५ वॉटच्या प्रोसेसरला १२० मिलिमीटर पंख्याचा, चार हीटपाइपचा (उष्णता वर नेणाऱ्या नळ्यांचा) टॉवर भरपूर होतो. असे कूलर साधारण दीड ते अडीच हजारांत मिळतात. लिक्विड कूलरवर कित्येक पट पैसे घालवण्याचं कारण मला अशा मशीनसाठी दिसत नाही.

सॉकेटचं नाव लिहून न्या. इंटेलच्या एलजीए १२०० सॉकेटची कूलर बसवायची भोकं ७५ मिलिमीटर अंतरावर असतात आणि एलजीए १७०० ची ७८, त्यामुळे जुन्या स्टॉकमधल्या कूलरसोबत बसवण्याची नवी पट्टी आहे का ते विचारा. मदरबोर्डपासून झाकणापर्यंतची उंची मोजून घ्या, बरेच टॉवर १५० ते १६० मिलिमीटर उंच असतात. रॅमच्या उंच पट्ट्या पंख्याला अडतात का तेही बघा. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये जात असाल तर कॅबिनेटचा उघडा फोटो मोबाइलमध्ये असू द्या, दुकानदारालाही सोपं जातं.

बसवताना तळाची प्लास्टिकची फिल्म काढा, स्क्रू आलटूनपालटून तिरक्या क्रमाने आवळा. नंतर पुन्हा दुपारी तीनला तीच दहा मिनिटांची चाचणी घ्या आणि खोलीचं तापमान वजा करून आधीच्या फरकाशी ताडून बघा. फरक जेमतेम दोन-तीन अंशांनीच घटला असेल आणि वेगही वाढला नसेल, तर कूलर बहुधा नीट टेकलेला नाही, उघडून पेस्ट सगळीकडे पसरली आहे का ते तपासा. जुना बॉक्स कूलर पिनांसकट जपून ठेवा, मशीन विकताना किंवा नव्याचा पंखा बंद पडल्यास तो लागेल.