जॅकेटवरचं गाव : ड्रम कोरला निघालेल्या मुलांच्या आईबापांसाठी

लेक अकरावीत होती. जेवताना म्हणाली, "आई, मला ड्रम कोरची ऑडिशन द्यायची आहे." ड्रम कोर म्हणजे इथलं चालत वाजवणारं पथक. मला आनंदच झाला. मी सदाशिव पेठेत वाढलेली, नव्वदच्या दशकात पथकात ताशा वाजवलेला, त्यामुळे हे आपल्या ओळखीतलंच आहे असं धरून चालले. विचारलं, "सराव कुठे असतो? सोडायला-आणायला मी येईन." ती म्हणाली, "आई, ते इथून हजार मैलांवर आहे."

आम्ही राहतो टेक्ससमध्ये, डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत. तिनं निवडलेलं कोर मिडवेस्टमधल्या, म्हणजे देशाच्या मध्य-उत्तर भागातल्या एका लहान शहराचं. त्या शहरात आमचं कोणी नाही आणि तिनंही ते कधी पाहिलेलं नव्हतं. पण पुढची तीन वर्षं त्या गावाचं नाव तिच्या जॅकेटच्या पाठीवर राहिलं. आता आमच्या भागातली दोन-तीन मराठी घरं याच वाटेवर आहेत आणि मला फोन येतात, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते.

ड्रम कोर म्हणजे फक्त ढोल नव्हेत. पितळी वाद्यं, चालत वाजवायचे ड्रम, मैदानाच्या पुढच्या कडेला मांडलेले मारिंबा-झायलोफोन आणि झेंडे-रायफली फिरवणारी कलर गार्ड, असा तो ताफा असतो. एका कोरमध्ये जास्तीत जास्त 165 मुलं. वयाची मर्यादा कडक, 21व्या वर्षापर्यंतच. मे महिन्याच्या मध्यापासून सराव, जूनच्या अखेरीपासून बसनं देशभर दौरा आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात इंडियानापोलिसला अंतिम स्पर्धा. ही स्पर्धा भरवणारी ड्रम कोर इंटरनॅशनल ही संस्था. तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा 1972 साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झाली आणि कॅलिफोर्नियाचं अॅनहाइम किंग्समेन ती जिंकलं.

पण ही पोरं येतात कुठून? माझा प्रश्न तिथेच अडकला होता.

आमच्या वेळी पुण्यात याचं उत्तर सोपं होतं. पथक शाळेचं, नाहीतर मंडळाचं. डावीकडे ढोल वाजवणारा समोरच्या वाड्यातला, ध्वज धरणारी माझ्याच वर्गातली. सरावाला उशीर झाला तर घरी कळायच्या आधी शेजारच्या काकूंना कळायचं. ड्रम कोरचा जुना इतिहास वाचला तेव्हा मला तोच वाडा दिसला. दोन्ही महायुद्धांतून परतलेल्या सैनिकांच्या संघटनांच्या स्थानिक शाखा, कॅथलिक चर्च, बॉय स्काउट, पोलिसांचे मुलांसाठीचे क्लब यांनी गल्लीतल्या पोरांच्या हाती ड्रम आणि बिगुल दिले. न्यू जर्सीतल्या गारफिल्ड गावच्या होली नेम चर्चनं 1934 साली एक पथक उभं केलं, तेच पुढे कॅडेट्स म्हणून गाजलं. मॅडिसन स्काउट्स 1938 चं, नावातच स्काउट. शिकागोचं कॅव्हेलियर्स 1948 साली एका स्काउट तुकडीतून निघालं. साठच्या दशकापर्यंत अशी शेकडो पथकं होती. एकेका शहरात दोन-दोन, चार-चार. पोरं चालत नाहीतर सायकलवर सरावाला यायची, गणवेशाचे पैसे चर्चच्या नाहीतर सैनिक संघटनेच्या गल्ल्यातून निघायचे.

मग हे का विस्कटलं? मी तिथल्या जुन्या लोकांशी खूप बोलले, त्यावरून माझं मत असं झालंय की कारण एकच नाही. स्पर्धांचे नियम पथकं स्वतःच ठरवायला लागली, स्पर्धा राष्ट्रीय झाली, दौरे लांबले. दौरा लांबला की बस, ट्रक, डिझेल आणि शिक्षकांचं मानधन आलं. चर्चच्या गल्ल्याला ते झेपेना आणि लहान पथकं एकामागून एक मिटली. त्याच काळात हायस्कूलच्या मार्चिंग बँड जोरात वाढल्या, विशेषतः आमच्या टेक्ससमध्ये. जे शिक्षण पूर्वी गल्लीतलं पथक द्यायचं, ते शाळा द्यायला लागली. म्हणजे पोरगं तयार होतं शाळेत, आणि कोर त्याला तयार झाल्यावर घेतं. आज वरच्या श्रेणीत, म्हणजे वर्ल्ड क्लासमध्ये, वीसेक कोर उरलीत. त्यामुळे टेक्सस, फ्लोरिडा, कॅलिफोर्नियातली मुलं सगळीकडे दिसतात. लेकीच्या बसमध्ये जपानहून आलेली एक मुलगीसुद्धा होती. ज्या शहराच्या नावानं कोर ओळखलं जातं, त्या शहरातली मुलं लेकीच्या पहिल्या वर्षी मला मोजून चार भेटली.

सांगायचं कारण असं की घरातले मोठे अजूनही "आपल्या गावचं पथक" या हिशेबानं विचार करतात आणि जवळचं कोर शोधत बसतात. तसं करू नका. निवड करताना तीन गोष्टी बघा : तुमच्या मुलाचं वाद्य तिथे कसं शिकवतात, पैशाचा व्यवहार किती उघड आहे, आणि कोरचं स्वतःच्या गावाशी अजून काही नातं उरलंय का. तिसरा मुद्दा कोणी सांगत नाही. माझ्या लेखी तोच सगळ्यात मोठा.

कारण पैसा तिथूनच येतो. प्रत्येक मुलाकडून घेतात ती फी वर्ल्ड क्लासमध्ये साधारण पाच-सहा हजार डॉलर असते आणि तेवढ्यात खर्च भागत नाही. बाकीचे पैसे देणग्यांतून येतात आणि कित्येक कोरच्या बाबतीत बिंगोमधून. हो, बिंगो, आपली हाउजी! कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लारा व्हॅनगार्डसारखं मोठं कोरसुद्धा गावात बिंगो हॉल चालवत आलंय. आठवड्याच्या ठरलेल्या रात्री गावातली म्हातारी माणसं येऊन आकडे खोडतात आणि त्यातून इथल्या पोरांच्या बसचं डिझेल निघतं. व्हॅनगार्डला 2023 चा अख्खा हंगाम आर्थिक अडचणीमुळे सोडावा लागला आणि 2024 मध्ये ते परत मैदानात आलं. गारफिल्डचं कॅडेट्स मात्र आधी पेन्सिल्व्हेनियात गेलं आणि 2024 साली, नव्वदाव्या वर्षी, कायमचं बंद झालं. ती बातमी वाचून मला रडू आलं होतं. आमचा त्या कोरशी काही संबंध नव्हता, तरी.

आता व्यवहाराचं. ऑडिशन बहुतेक ठिकाणी व्हिडिओवर होते, मग नोव्हेंबर-डिसेंबरपासून महिन्यातून एखादा शनिवार-रविवार कॅम्प. आमची पहिली चूक इथे झाली. फीचा आकडा बघितला, पण कॅम्पच्या विमानाचा खर्च धरलाच नाही. पाच कॅम्प, पाच तिकिटं. शिवाय बूट, हातमोजे, काठ्या. फॉर्म भरताना हे कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. फेब्रुवारीत हिशेब केला तेव्हा फीच्या वर जवळपास निम्मी रक्कम गेली होती. हप्ते मागा, शिष्यवृत्ती मागा, लाजू नका. ज्यांना हे परवडत नाही अशी कितीतरी गुणी मुलं घरीच राहतात. गल्लीतलं पथक गेल्यानं झालेलं सगळ्यात मोठं नुकसान मला हेच वाटतं.

दुसरं, मे महिन्याचं कॅलेंडर. कोरचा मुक्काम मेच्या मध्याला सुरू होतो. एपी परीक्षा, म्हणजे हायस्कूलमध्येच देता येणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षा, त्याच्या जरा आधी, आणि शाळेचा पदवीदान समारंभ बहुधा नंतर. समारंभाला यायला दोन दिवस सोडतील का, हे जानेवारीतच लेखी विचारून ठेवा.

जेवण. आपल्याकडचा पहिला प्रश्न हाच असतो, म्हणून सांगते. कोरबरोबर स्वयंपाकघराचा ट्रक असतो आणि दिवसाला चार वेळा जेवण मिळतं. शाकाहारी असल्याचं फॉर्ममध्ये लिहा आणि स्वयंपाक बघणाऱ्या माणसाला वेगळा फोनही करा. झोपणं कुठल्यातरी शाळेच्या जिमच्या फरशीवर, हवेच्या गादीवर. बऱ्याच रात्री तर बसमध्येच.

त्या ट्रकवरचं काम जवळजवळ सगळं स्वयंसेवकच करतात. मी पहिल्या उन्हाळ्यात दहा दिवसांची रजा टाकून गेले. मुलीला बघायला म्हणून गेले आणि रात्री एक वाजता दोनशे माणसांचं सँडविच लावत उभी राहिले. माझ्याशेजारी पाव कापत होते ते गृहस्थ ऐंशीच्या घरातले. अंगात कोरचं जुनं जॅकेट, कोपरांपाशी विरलेलं, पाठीवरची अक्षरं पुसट. त्यांनी 1960 च्या आसपास याच कोरमध्ये बिगुल वाजवला होता. मला म्हणाले, "आमच्या वेळी सगळे याच चर्चच्या सहा गल्ल्यांतले. माझा भाऊ ड्रमवर, बहीण झेंड्यावर." मग विचारलं, "तुमची मुलगी कुठली?" मी म्हटलं, टेक्ससची. त्यांनी पाव खाली ठेवला आणि म्हणाले, "नाही, इथे ती राहते कुठे?" मला आधी कळलंच नाही. त्यांना हवा होता गल्लीचा पत्ता. मी जिमकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, "हां, म्हणजे जेफरसन स्ट्रीटची."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या सरावाला ते खुर्ची घेऊन आले आणि बेस ड्रमच्या रांगेसमोर बसले. बेस ड्रमचं काम आपल्या ढोलापेक्षा फार वेगळं. आपल्याकडे पन्नास ढोल एकच ठोका एका वेळी देतात. इथे पाच मुलं, पाच आकारांचे ड्रम, आणि तालाचं एकच वाक्य पाच जणांत तोडून वाटलेलं. माझ्या लेकीच्या वाट्याला तिसरा ड्रम. तिचा ठोका केसाएवढा पुढेमागे झाला की वाक्य तुटायचं. त्या सकाळी तालाचा एकच तुकडा त्यांनी चाळीसेक वेळा वाजवलं असेल. मी ताशेवाली, मला हात उचलताना दिसतो. ती खांदा घट्ट धरत होती. मधल्या पाण्याच्या सुट्टीत मी काही बोलणार, तोवर त्या आजोबांनी तिला बोलावून सांगितलं, "खांदा सोड." ते बिगुलवाले, तरी त्यांनाही दिसलं होतं.

तेव्हापासून तिन्ही उन्हाळे ती त्यांना दर रविवारी फोन करायची. त्यांच्या बिंगोच्या रात्रीची ड्यूटी कोणाबरोबर आहे हेही तिला माहीत असायचं. मी तर म्हणेन, मुलाला तिथे पाठवण्याआधी गावातल्या निदान एका माणसाचं नाव शोधा : जुना सदस्य, स्वयंसेवक, ज्यांच्या शाळेत मुक्काम आहे तिथला शिपाईकाका, कोणीही. मुलाला ताप आला तर फ्रिस्कोहून तुम्ही पोहोचणार नाही. तो माणूस पोहोचतो. लेकीला दुसऱ्या वर्षी उन्हाचा त्रास झाला तेव्हा दवाखान्यात तिच्याजवळ आजोबांची सून बसली होती.

मागच्या वर्षी गणपतीत पुण्याला गेले होते. नदीपात्रात सराव चालू होता. मी ताशेवाल्यांशी बोलले. एक वाघोलीहून, एक पिंपरीहून, एक हिंजवडीचं ऑफिस सुटल्यावर थेट दुचाकीवर आलेला. पेठेतला एकच, तोही मंडळाचा जुना कार्यकर्ता म्हणून पाणी वाटत होता. पण वाद्यपूजनाला नारळ त्यालाच फोडायला लावला.

लेकीची तीन वर्षं झाली, तिसऱ्या ऑगस्टला तिनं कोर सोडलं. आता ती सुट्टीत तिच्या जुन्या हायस्कूलच्या बेस ड्रमच्या मुलांना शिकवते. त्यातल्या एकाचे आईवडील नागपूरचे. गेल्या आठवड्यात त्याच्या ऑडिशनचा व्हिडिओ आमच्या गॅरेजमध्ये काढला. त्याला तिच्या नाही, दुसऱ्याच कोरमध्ये जायचंय. आईनं मला विचारलं, तिथे आपलं कोणी आहे का. मी त्या आजोबांना फोन लावला. त्यांच्या मेहुण्यानं त्या कोरमध्ये 1965 साली ड्रम वाजवला होता म्हणे. नंबर मिळाला.