कुहली लोच अखेर कॅमेऱ्यात सापडले

टाकीतले सहा कुहली लोच, म्हणजे सापासारखे लांबट छोटे मासे, दिवसभर दगडाखाली गुडूप. दिवे मालवले की त्यांचा दिवस सुरू होतो, आणि मोबाइलचा टॉर्च लावला की क्षणात सगळे पसार. महिनाभर माझ्याकडे नुसते शेपट्यांचे व्हिडिओ जमले.

मग टाकीवर मंद लाल दिवा तिरका लावला. माझे मासे तरी त्याला बिचकले नाहीत. पण व्हिडिओत काळे पट्टे सरकू लागले. कॅमेऱ्याला उगाच शिव्या घातल्या. दोष डिमरचा होता. बरेच एलईडी डिमर दिव्याची वेगाने उघडझाप करूनच उजेड कमी करतात. डिमर काढला, दिव्यासमोर बटर पेपर धरला, शटर १/५० सेकंदावर ठेवला. पट्टे गेले.

काचेत माझंच थोबाड दिसायचं. काळ्या कापडाला भोक पाडून लेन्स काचेला टेकवली. फोकस वाळूवरच्या खाद्याच्या गोळीवर लॉक केला, नाहीतर तो काचेवरच्या शेवाळाच्या ठिपक्यावर जाऊन बसतो.

खरा फरक मात्र खड्यांऐवजी बारीक वाळू घातल्यावर पडला. मिशांनी चाचपत तोंडात वाळू घ्यायची, कल्ल्यांतून सोडायची. मधेच डोकं तेवढं बाहेर ठेवून अंग पुरायचं. तासभर बघत बसलो, रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं राहूनच गेलं!

एकाने वर येऊन हवा गिळली तेव्हा मी घाबरलो होतो. लोचांपैकी काही जाती आतड्यातूनही प्राणवायू घेतात. सगळेच वारंवार वर येऊ लागले, तर मात्र कॅमेरा ठेवून आधी पाणी तपासा.